एकवीरेच्या अंगणातील यवन

चैत्र लागला की गोवंडी, देवनार, बोरला, मानखुर्द, ट्रॉम्बे, माहुल या भागांतील जुन्या गावठाणांना आणि कोळीवाड्यांना कार्ल्याच्या आई एकवीरेचे वेध लागतात. आगरी-कोळी समाजाच्या घराघरांतून माणसे निघतात. कुणी बस ठरवतो, कुणी टेम्पो करतो. वाशीच्या पुलावरून ठाण्याची खाडी ओलांडायची, बोरघाट चढायचा आणि कार्ल्याच्या डोंगराच्या पायऱ्या चढून देवीपुढे उभे राहायचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. ओटी भरली जाते, नवस फेडले जातात, मानपान होतो आणि प्रसाद घेऊन मंडळी परतीच्या वाटेला लागतात.

देवीच्या मंदिराला अगदी लागून डोंगरात कोरलेले एक भव्य चैत्यगृह आहे. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद असलेल्या या दालनात ३७ खांब आहेत. भाविकांपैकी पुष्कळजण आत डोकावतात, छताच्या लाकडी कमानी पाहून नवल करतात आणि बाहेर पडतात. त्या खांबांवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत, याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. त्या नावांमध्ये काही नावे अशी आहेत की ती वाचून आजच्या माणसाने क्षणभर थबकावे. धेनुकाकट गावचा यवन सिंहध्वज, त्याच गावचा यवन यशोवर्धन, तिथलाच यवन धर्मध्वज. मूळ प्राकृतातील ‘सिहधय’, ‘यसवधन’ आणि ‘धमधय’ या नावांची ही संस्कृत रूपे. यातील प्रत्येकाने एकेक खांब दान दिला आणि आपले नाव त्यावर कोरून ठेवले.

एकवीरेच्या अंगणात यवन कसे आले, आणि त्यांची नावे तिथे दोन सहस्र वर्षे सुखेनैव कशी राहिली, हा प्रश्न केवळ पुराणवस्तूंच्या अभ्यासकांचा नाही. ग्रीक संस्कृतीचे मोठेपण आणि तिचे अपुरेपण, तसेच आपल्या समाजाचे मोठेपण आणि त्याचा पुढे घडलेला प्रमाद, या साऱ्यांचा उलगडा या एका प्रश्नातून होऊ शकतो.

यवन म्हणजे कोण?

‘यवन’ हा शब्द मराठी वाचकाच्या मनात बखरींच्या वाटेने आला आहे आणि तिथे त्याला जो अर्थ चिकटला, तो येथे बाजूला ठेवावा लागतो. प्राचीन भारतात यवन किंवा योन म्हणजे आयोनियाचे, अर्थात ग्रीक लोक. पुढे पश्चिमेकडून आलेल्या इतर परकीयांनाही हा शब्द काही वेळा लावला गेला. त्यामुळे कार्ल्याचा प्रत्येक यवन अथेन्सच्या रक्ताचा होता असे म्हणता येणार नाही. तथापि ग्रीक जगाशी नाते सांगणारी ही माणसे होती, हे मान्य करण्यास अडचण नाही.

शालेय इतिहासात ग्रीक भेटतो तो इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमकाठी पुरूशी लढणाऱ्या अलेक्झांडरच्या रूपाने. त्यानंतर चंद्रगुप्त मौर्याने सेल्यूकसला नमविले, पाचशे हत्ती देऊन तह केला आणि मेगॅस्थेनिस नावाचा वकील पाटलिपुत्रात आला, इतके वाचून धडा संपतो. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘सहा सोनेरी पाने’मध्ये पहिले पान चंद्रगुप्त-चाणक्यांच्या याच पराक्रमाला दिले आहे. पण ग्रीकांचा आणि भारताचा संबंध तिथे संपला नाही. बाल्ख, काबूल, तक्षशिला या प्रदेशांत ग्रीक राजे पुढे दीर्घ काळ राज्य करीत होते. त्यांच्यातील मिनँडर म्हणजेच ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील मिलिंद राजा, भिक्षू नागसेनाला एकामागून एक अवघड प्रश्न विचारणारा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, स्थापन केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्याच्या परिसराला नागसेनाचे नाव दिले, ते या प्रश्नोत्तरांच्या स्मरणार्थच. आज शेजारच्या घरातील एखाद्या मिलिंदला हाक मारताना आपण एका ग्रीक राजाचेही नाव उच्चारीत असतो, हे कुणाच्या ध्यानीही नसते.

कोकणाशी तर यवनांचा संबंध आणखी जवळचा. महावंस हा सिंहली ग्रंथ सांगतो की, अशोकाच्या काळी धर्मप्रसारासाठी निरनिराळ्या प्रदेशांत जे भिक्षू पाठविण्यात आले, त्यांपैकी अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, आलेल्या भिक्षूचे नाव होते योन धर्मरक्षित. इ.स.च्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात सोपारा, कल्याण, चेऊल ही बंदरे नावानिशी येतात. कल्याण बंदरात शिरणाऱ्या ग्रीक जहाजांना अडवून पहाऱ्यात भडोचला नेले जाई, अशी तक्रारही त्यात आहे. पैठणहून अकीक आणि तेरहून कापड भडोचला जात असल्याचे तो सांगतो. कल्याणहून नाणेघाट चढून जुन्नर, तिथून पैठण आणि तेर असा हा व्यापारी मार्ग होता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची कांस्यमूर्ती सापडली आणि ती आज तेथील टाऊन हॉल संग्रहालयात आहे. दर्यावर पोट असलेल्या कोळ्याला या देवाची ओळख करून द्यावी लागू नये.

अथेन्सचे देणे

ज्या लोकांचे बांधव सह्याद्रीपर्यंत पोहोचले, त्या ग्रीकांनी जगाला काय दिले? हा हिशेब मोकळ्या मनाने मांडला पाहिजे. परक्याच्या गुणांची कदर करताना ज्याचा हात आखडतो, त्याला स्वतःच्या गुणांविषयी खात्री नसते.

ग्रीस हे एक राज्य कधीच नव्हते. डोंगर आणि समुद्र यांनी तुटक झालेल्या त्या भूमीत शेकडो नगरराज्ये होती. त्यांतील अथेन्सने इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लाइस्थेनिसच्या सुधारणांनंतर असा एक प्रयोग केला की ज्याचे ऋण आजची प्रत्येक लोकसभा आणि प्रत्येक ग्रामसभा मान्य करील. नगरातील प्रौढ पुरुष नागरिक एका टेकडीवर जमत आणि युद्ध, तह, कर, कायदे यांवर स्वतः मत देत. काही महत्त्वाच्या निर्णयांसाठी किमान सहा हजारांची उपस्थिती लागे. दैनंदिन कारभार पाहणारी पाचशे जणांची समिती चिठ्ठ्या टाकून निवडली जाई. चांभार, कुंभार आणि शेतकरी यांच्या मताचे वजन उमरावाच्या मताइतकेच असे. आपल्याकडेही लिच्छवींसारखी गणराज्ये होती आणि सिंधूच्या खोऱ्यातील स्वायत्त गणांचे वर्णन ग्रीक इतिहासकारांनीच करून ठेवले आहे. परंतु अथेन्सने आपल्या सभेचे नियम, वादविवाद आणि निर्णय लिहून ठेवले, दगडावर कोरून चौकात उभे केले. म्हणून त्यांचा अनुभव जगाच्या कामी आला.

तीच गोष्ट विद्येची. ग्रीकांनी प्रश्न विचारण्याची पद्धत घडवली. सॉक्रेटिसने बाजारात उभे राहून मोठमोठ्यांना विचारले की, तुम्ही न्याय न्याय म्हणता तो काय असतो? त्याचा शिष्य प्लेटो, प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल. ॲरिस्टॉटलने माशांच्या शरीररचनेपासून नाटकाच्या रचनेपर्यंत सारे काही तपासून पाहिले. त्याचे काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी मराठीत आणले आणि सोफोक्लिसचा ईडिपस पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ म्हणून मराठी रंगभूमीला दिला. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी रोगाची कारणे देवाच्या कोपात न शोधता आहारात, पाण्यात आणि हवेत शोधली. एराटोस्थेनिसने अलेक्झांड्रियात बसून, दोन गावांतील मध्यान्हीच्या सावलीच्या फरकावरून पृथ्वीचा परीघ मोजला. एवढ्याशा लोकांनी अवघ्या दोन-तीन शतकांत एवढे काम केले, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

अथेन्सचे बंद दार

मग हे तेज मावळले कशाने? इराणच्या बलाढ्य साम्राज्याला मॅरेथॉन आणि सालामिस येथे धूळ चारणारे ग्रीक पुढे आपसांतच लढले. इ.स.पू. ४३१ ते ४०४ या काळातील अथेन्स-स्पार्टा युद्धाने दोघांनाही पोखरून काढले. इ.स.पू. ३३८ मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपपुढे आणि पुढे रोमपुढे ती नगरे नमली. फाटाफूट हे कारण सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या मुळाशी असलेले आणखी एक कारण तितकेसे सांगितले जात नाही. ते म्हणजे नागरिकत्वाचे बंद दार.

अथेन्सच्या टेकडीवर बसणारा नागरिक हा त्या नगरातील माणसांपैकी थोड्यांतला थोडा होता. स्त्रियांना मत नव्हते. गुलामांची तर गणनाच नव्हती. सालामिसच्या विजयाचे आरमार ज्या चांदीतून उभे राहिले, ती लॉरिऑनच्या खाणींतील चांदी गुलामांनी भुयारात सरपटत काढली होती. या दोहोंखेरीज तिसरा एक वर्ग होता. त्याला ते ‘मेटिक’ म्हणत. म्हणजे बाहेरून येऊन नगरात राहिलेला माणूस. तो तिथे धंदा करी, विशेष कर भरी, युद्धात लढे. पण त्याला जमीन घेता येत नसे, सभेत बसता येत नसे, आणि त्याच्या मुलानातवंडांनाही ते जमत नसे. इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लिसने कायदा केला की आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक ठरेल. या नियमाने खुद्द ॲरिस्टॉटल, जो स्टॅगिराहून आला होता, अथेन्समध्ये जन्मभर उपराच राहिला. ज्या नगराला त्याने ज्ञानाची राजधानी बनविले, तिथे त्याला स्वतःच्या नावावर हातभर जमीन घेता आली नाही.

ही चूक ग्रीक जगातीलच एका राजाच्या लक्षात आली होती. मॅसिडोनियाच्या पाचव्या फिलिपने इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात थेसलीतील लॅरिसा नगरीला पत्रे लिहिली. युद्धांनी नगर ओस पडत चालले होते, शेती पडीक राहत होती. राजाने सांगितले की, तुमच्यात राहणाऱ्या बाहेरच्या ग्रीकांना नागरिक करून घ्या. लॅरिसाकरांनी तसे केले, त्यांची नावे शिलेवर कोरली आणि नंतर मन बदलून ती नावे खोडून टाकली. तेव्हा राजाने दुसऱ्या पत्रात त्यांना रोमचे उदाहरण दिले. रोमन लोक मुक्त केलेल्या गुलामालाही नागरिक करून घेतात, त्याला अधिकारपदात वाटा देतात, म्हणून त्यांची नगरी वाढते आहे, असे त्याने बजावले. राजाची ही पत्रे आणि नगराचे ठराव कोरलेला शिलालेख उपलब्ध आहे. ज्या रोमचे उदाहरण फिलिपने दिले, त्याच रोमने पुढे ग्रीस जिंकले.

सह्याद्रीचे उघडे दार

लॅरिसाच्या त्या शिलेवरून नजर कार्ल्याच्या खांबांकडे वळविली की फरक ठळकपणे दिसतो. लॅरिसाने आपल्याच भाषेच्या, आपल्याच देवांच्या माणसांची नावे खोडली. कार्ल्याला परमुलखातून आलेल्यांची नावे कोरली गेली आणि ती कुणीही खोडली नाहीत. तेथील दात्यांच्या यादीत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, सुगंधी द्रव्ये विकणारा गांधिक आहे, सुतार आहे, भिक्षुणी आहेत आणि त्यांच्याच रांगेत यवन आहेत. त्यांची नावेही आता सिंहध्वज, धर्मध्वज अशी झाली आहेत. ही नावे त्यांच्यावर लादल्याचे कोणतेही चिन्ह नाही. इथे राहून, इथल्या माणसांत मिसळून, इथल्या धर्माचा अंगीकार करून ती त्यांनी स्वतः घेतली असावीत, हेच अधिक संभवते.

जुन्नरच्या लेण्यांत असेच आढळते. इरिल नावाच्या यवनाने तिथे पाण्याची दोन टाकी खोदून दिली, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंना पाणी आणि जेवायला बसण्याची जागा देणे, यापरती आपलेपणाची खूण कोणती?

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांत तर याहून बोलका पुरावा आहे. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचा गौरव कोरविला आहे. शक, यवन आणि पह्लव यांचे निर्दालन करणारा, असे ती त्याचे वर्णन करते. त्याच डोंगरावर, काही लेणी पलीकडे, सतराव्या लेण्यात उत्तरेकडील दातामिती नगरीचा योनक, धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने लेणे, चैत्य आणि पाण्याची टाकी दिल्याचा लेख आहे. एकाच डोंगरावर यवनांचा पराभव करणाऱ्या राजाचा गौरव आहे आणि यवनाच्या दानाचाही गौरव आहे. चालून आलेल्या यवनाशी रणांगणावर गाठ, आणि हात जोडून आलेल्या यवनाला डोंगरावर जागा. या दोन गोष्टींत आपल्या पूर्वजांना विसंगती वाटली नाही. किंबहुना ज्याला स्वतःच्या बाहुबलाची खात्री असते, त्यालाच दार उघडे ठेवणे परवडते.

मध्यप्रदेशातील विदिशेजवळ बेसनगरला उभा असलेला गरुडस्तंभ हे याच कथेचे उत्तरेकडील पान. तक्षशिलेच्या अंतलिकित राजाचा राजदूत हेलिओडोरस, दिओनाचा पुत्र, याने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तो देवाधिदेव वासुदेवाच्या नावे उभारला आणि स्वतःला भागवत म्हणवून घेतले. दम, त्याग आणि अप्रमाद या तीन गोष्टी स्वर्गाला नेतात, असा उपदेशही त्याने खाली कोरविला. शतकानुशतके परिसरातील मासेमारी करणारा समाज या स्तंभाला ‘खांबबाबा’ म्हणून शेंदूर लावीत होता. त्या शेंदराच्या थराखालचा लेख १९०९ साली उजेडात आला. इकडे कोळ्यांच्या कुलदेवतेच्या अंगणात यवनांचे खांब, तिकडे भोई-ढीमरांच्या श्रद्धेने जपलेला यवनाचा खांब. पंडितांच्या विस्मरणात गेलेले हे वैभव दर्यावरच्या आणि नदीवरच्या श्रमिकांच्या भक्तीने राखले, हा योगायोग मनाला भिडणारा आहे.

उसनवारीची लाज कशाला?

एखाद्याला घरात घेतले की त्याच्याबरोबर त्याचे शब्द आणि विद्याही येतात. बाजारात ‘दाम’ मोजणारा मराठी माणूस ग्रीक ‘द्राख्मे’चेच नाव घेत असतो. द्राख्मेचा द्रम्म झाला, शिलाहार-यादवांच्या ताम्रपटांत तो नांदला आणि त्याचा दाम झाला. ‘सुरुंग’ हा शब्द ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. लग्नाच्या पत्रिका जुळविताना जोशीबुवा ज्या ‘केंद्रा’चा आणि ‘होऱ्या’चा उल्लेख करतात ते शब्द ग्रीक आहेत. सप्तमस्थानाला, म्हणजे विवाहाच्या स्थानाला, ‘जामित्र’ म्हणतात. तो ग्रीक ‘दियामेत्रोन’ आहे. घरोघरीच्या शुभकार्याच्या मुळाशी असा यवनांचा शब्द बसला आहे आणि त्याने आजवर कुणाचेही मंगल बिघडलेले नाही.

या बाबतीत आज दोन टोके दिसतात. इंग्रजी राजवटीत काही पंडितांना भारतातील प्रत्येक चांगली वस्तू ग्रीसमधून आलेली दिसे. गांधारशिल्प ग्रीकांचे, नाटक ग्रीकांचे, गणित ग्रीकांचे, असा त्यांचा खाक्या होता. त्याची प्रतिक्रिया म्हणून आता प्रत्येक ग्रीक वस्तू इथूनच गेली असे सांगणारे निपजले आहेत. दोन्ही टोके न्यूनगंडातूनच जन्मलेली आहेत. सहाव्या शतकातील वराहमिहिर या दोहोंपेक्षा कितीतरी प्रगल्भ होता. यवन हे म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यापाशी उत्तम रीतीने प्रतिष्ठित आहे, म्हणून ते ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात, असा अभिप्राय त्याने बृहत्संहितेत निःसंकोचपणे नोंदविला. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घ्यायला तो लाजला नाही.

आणि घेतले ते तसेच ठेवले असेही झाले नाही. ग्रीक ज्योतिर्विद वर्तुळाची पूर्ण जीवा घेऊन गणित करीत. भारतीयांनी अर्धजीवा, म्हणजे ‘ज्या’, घेतली आणि गणित कितीतरी सुटसुटीत केले. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने तिची कोष्टके दिली. तीच ‘जीवा’ अरबांकडे ‘जीब’ झाली, लॅटिनमध्ये ‘सायनस’ झाली आणि आज दहावीच्या त्रिकोणमितीत ‘साइन’ म्हणून परत आली आहे. ॲरिस्टॉटलचे ग्रंथही असेच बगदादच्या अरब विद्वानांच्या हातून पुन्हा युरोपात गेले. विद्येचा व्यवहार असा हातोहात वाढत असतो.

दार बंद झाले तेव्हा

हे सारे वाचून कुणाच्या मनात समाधानाची लहर उठली असेल तर ती स्वाभाविक आहे. पण तिथेच थांबणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. आपल्याकडेही दास होते, आणि यवनाचे दान स्वीकारणे व त्याला राज्यात वाटा देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मेगॅस्थेनिसने भारतात गुलाम नाहीत असे लिहून ठेवले, त्या स्तुतीला आपलेच जुने ग्रंथ दुजोरा देत नाहीत. आणि याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे.

ज्या नाशकात योनक इंद्राग्निदत्ताला डोंगर कोरताना कुणी अडविले नाही, त्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आपलेच बांधव उभे होते आणि दार बंद होते. तो सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला, तरीही दार उघडले नाही. पुढच्याच वर्षी रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांनी सावरकरांच्या प्रेरणेने सर्वांसाठी खुले पतितपावन मंदिर उभारले. १९४७ साली साने गुरुजींना पंढरीच्या विठ्ठलासाठी प्राण पणाला लावावे लागले. परमुलखातून आलेल्या यवनाला जागा देणाऱ्या समाजाने घरच्या माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवले. अथेन्सने मेटिकांना केले ते आपण आपल्या भावंडांना केले, आणि तेही अधिक कठोरपणे. ग्रीकांच्या पतनाचा धडा दुसऱ्याला शिकविण्याआधी हा धडा स्वतःला वाचून दाखविला पाहिजे.

आणि हा प्रश्न मंदिराच्या दारापुरता उरलेला नाही. गोवंडी-मानखुर्दच्या भागाकडेच पाहावे. महानगराचा कचरा १९२७ पासून देवनारला येत आला. रस्ते आणि रेल्वेमार्ग रुंद करताना जी कुटुंबे हलविली गेली, त्यांतील कितीतरी याच परिसरातील इमारतींत आणून ठेवली गेली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या मानव विकास अहवालात, ज्या एम-पूर्व विभागात गोवंडी येते, तो विभाग सर्वांत तळाशी होता. इथला माणूस शहराचे रस्ते झाडतो, घरे बांधतो, धुणीभांडी करतो, रिक्षा चालवितो. तो कर देतो, मत देतो. पण पाणी, दवाखाना, शाळा यांच्या वाटपात त्याचा क्रमांक शेवटचा असतो. पुनर्वसनाच्या यादीत आपले नाव ‘पात्र’ म्हणून लागले की ‘अपात्र’ म्हणून, या चिंतेत इथल्या घरांची वर्षे जातात. यादीतून नाव गळणे म्हणजे काय असते, हे लॅरिसाच्या त्या उपऱ्यांना जितके कळले असेल तितकेच इथल्या माणसाला कळते. कायद्याने तो पूर्ण नागरिक आहे. व्यवहारात त्याला मेटिक करून ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

समाजकार्य करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावे असा प्रश्न हाच. वस्तीतील मुलाचे नाव शाळेच्या पटावर आहे का? ते दहावीपर्यंत तिथे टिकते का? शहराच्या कडेला राहणाऱ्या कुटुंबाचे घरी येणेजाणे होते का, सणाला त्याच्या घरचे पान आपल्या पंगतीत मांडले जाते का? मोठ्या संस्कृतीचे माप तिच्या स्तंभांच्या उंचीने घेता येते, तसे त्या स्तंभांवर कुणाकुणाची नावे कोरली गेली यावरूनही घेता येते.

यंदा एकवीरेला जाणाऱ्या मंडळींनी ओटी भरून झाल्यावर मुलांना हाताला धरून चैत्यगृहात न्यावे. खांबांपुढे उभे राहून ही अक्षरे कुणाची, असे त्यांना विचारावे आणि उत्तरही सांगावे. सुतार, गांधिक, भिक्षुणी आणि यवन एका रांगेत कसे उभे आहेत ते दाखवावे. आईचे दर्शन घेऊन खाडी ओलांडून घरी परतताना त्या मुलांच्या मनात एवढे जरी राहिले की आपल्या देवीच्या अंगणात परक्याचेही नाव जपले गेले आहे, तरी आपल्या गल्लीतील कुणाचे नाव गळले आहे याचा शोध ती मुले मोठी झाल्यावर आपण होऊन घेतील.